मिरजेचे पाणी, लातूरची तहान

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, तेव्हा मी पर्जन्यमानाची जुनी कोष्टके चाळत बसलो होतो. त्यांत एक गोष्ट खटकली. मिरजेचा सरासरी वार्षिक पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तर लातूरचा साडेसातशे ते आठशे. म्हणजे कमी पावसाच्या गावाने जास्त पावसाच्या गावाला पाणी पाजले!

उलगडा नद्यांच्या उगमाशी होतो. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि मिरज तोच पिते. मांजरा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. तोही अवर्षणाचाच मुलूख. तिथे पाऊस चुकला, की धनेगावच्या धरणात दुसरीकडून भर पडत नाही.

आता शेजारचा माणदेश पाहा. म्हसवड-दहिवडीकडे सरासरीच पाचशेच्या आसपास. लातुरात निम्मा पाऊस पडला तरी तो माणच्या एखाद्या कमी पावसाच्या वर्षाइतका असतो. पण लातूरच्या नोंदीत तो भीषण दुष्काळ ठरतो आणि खरोखर भीषण असतोही. कारण शेती, गुरे, वस्ती हे सारे आठशेच्या भरवशावर उभे असते. माणसाने पाचशेचा हिशेब धरून ज्वारी-बाजरी पेरली, मेंढरे राखली, पोटासाठी मुंबई गाठली.

या काटकसरीचे कौतुक मात्र जपून करावे. १८७६-७७ च्या दुष्काळाने शेजारच्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ आणि १८८१ च्या शिरगणत्यांदरम्यान चक्क घटली. राजेवाडीचा तलाव त्याच दुष्काळातील कामांची आठवण आहे. सवय असली म्हणून भूक कमी लागत नाही.

१९७२ मध्ये माणसे धान्यासाठी खडी फोडत होती; रोजगार हमी योजनेची मुळे त्याच काळातली. २०१६ मध्ये धान्य दुकानात होते, घागर रिकामी होती. मधल्या काळात विंधन विहिरी खोल गेल्या आणि मराठवाड्यात ऊस पसरला. म्हणून दुष्काळाचा दीर्घ आलेख केवळ पावसाच्या आकड्यांवर काढला, तर तो अर्धाच निघतो. पावसाच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने हवेत : नदी कुठून येते आणि शेतात काय उभे आहे. पहिला आपल्या हाती नाही. दुसरा आहे.