अंत्युखियाची पंगत

इस्तंबूल येथील पुराणवस्तुसंग्रहालयांत एक शिला ठेविलेली आहे. तीवर ग्रीक भाषेंतील सात ओळी ठसठशीत अक्षरांत कोरलेल्या आहेत. क्लेर्मों-गानो या फ्रेंच पंडितास ती १८७१ सालीं यरुशलेमांत सांपडली. यहुदी लोकांच्या मंदिराच्या आवारांत, बाहेरचा चौक संपून आंतला जेथें सुरू होई तेथें, तीन हात उंचीचा एक कठडा होता व त्यावर अशा सूचना लाविलेल्या असत, असें त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो. सूचनेचा आशय असा कीं, परक्या राष्ट्रांतील कोणींही या कठड्याच्या आंत येऊं नये. आल्यास त्याला जें मरण येईल त्याचा दोष त्याच्याच माथीं. पंढरपूरच्या महाद्वारापाशीं असलेली चोखोबांची समाधि ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस या शिलेचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाहीं.

देवाचे लोक कोणास म्हणावें, त्यांत कोणाची गणना होते, आणि ती कोणत्या खुणेवरून, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मग्रंथांत आरंभापासून अखेरपर्यंत वाहत गेलेला आहे. आमच्याकडे सामान्य समजूत अशी आहे कीं, यहुदी धर्मानें दार बंद ठेविलें होतें आणि ख्रिस्ती धर्मानें तें सताड उघडलें. वस्तुस्थिति इतकी सोपी नव्हती. यहुद्यांच्या नियमशास्त्रांत मवाबी मनुष्यास दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळींत प्रवेश नाहीं. आणि त्याच यहुद्यांच्या ग्रंथसंग्रहांत रूथ नांवाची मवाबी विधवा सासूचा हात न सोडतां बेथलेहेमास येते व दावीद राजाची पणजी होते. एज्रा परकीय बायका टाकावयास लावतो; तर यशयाच्या ग्रंथाचा उत्तरभाग परक्यांस मंदिरांत बोलावून तें सर्व राष्ट्रांचें प्रार्थनागृह होईल असें सांगतो. हा वाद दोन धर्मांमधील होण्यापूर्वीं एकाच घरांतील होता. सभास्थानांच्या भोंवतीं, सुंता न करून घेतां यहुद्यांच्या देवास भजणारे परके लोकही असत. त्यांना देवभीरु म्हणत. आशिया मायनरमधील अफ्रोदिसियस येथें १९७६ सालीं सांपडलेल्या एका स्तंभावर यहुदी दात्यांच्या नांवांबरोबर अशा पन्नासाहून अधिक देवभीरूंचीं नांवें निराळ्या मथळ्याखालीं कोरलेलीं आहेत. तो लेख उत्तरकालीन असला तरी अशी मंडळी होती याचा तो दगडी पुरावा होय. कठड्याच्या बाहेर परंतु आवाराच्या आंत, अशी ही त्यांची जागा.

या प्रश्नाचा निकाल लागला तो शास्त्रार्थाच्या सभेंत नव्हे, पानावर लागला, असें आमचें मत आहे. त्यासाठीं वाचकांनीं आमच्याबरोबर अंत्युखिया शहरीं यावें. ओरोंतेस नदीच्या कांठचें हें शहर रोमन साम्राज्याच्या पूर्वभागांतील अत्यंत मोठ्या नगरांपैकीं एक होतें. हल्लीं तें अंताक्या या नांवानें तुर्कस्तानांत आहे. येथें यहुद्यांची वस्ती जुनी व भरभराटीची होती. येशूचे अनुयायी येथें आले, त्यांनीं ग्रीक लोकांसही उपदेश केला, आणि शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हें नांव प्रथम येथेंच मिळालें, असें ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकांत आहे. हें नांव बाहेरच्यांनीं ठेविलें असावें. अमक्याच्या पक्षाचे लोक अशा अर्थाचा त्यांतील प्रत्यय लॅटिन आहे. शिष्य स्वतःस बंधु म्हणत, पवित्र जन म्हणत, आणि आपल्या समुदायास जो ग्रीक शब्द लावीत, तो मवाबी मनुष्यास ज्या मंडळींत प्रवेश नव्हता त्या मंडळीचाच, जुन्या ग्रीक भाषांतरांतला, शब्द होता. नवा धर्म काढण्याची भाषा त्यांच्या तोंडीं नव्हती.

मग जे ग्रीक या मंडळींत आले त्यांनीं सुंता करून घेऊन यहुदी व्हावें कीं नाहीं? या प्रश्नावर सुमारें इ. स. ४८-४९ मध्यें यरुशलेमांत पुढाऱ्यांची बैठक झाली. पौल व बर्णबा अंत्युखियाहून गेले. तिकडे येशूचा भाऊ याकोब व पेत्र हे प्रमुख होते. सुंतेची सक्ति नको असें ठरलें. पौलानें आपल्याबरोबर तीत नांवाचा ग्रीक मुद्दाम नेला होता, आणि त्याची सुंता झाली नाहीं, हें तो मोठ्या अभिमानानें लिहितो. कृत्यांच्या ग्रंथकर्त्यानें या बैठकींत चार निर्बंध ठरल्याचें सांगितलें आहे: मूर्तीस वाहिलेलें अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलें जनावर आणि जारकर्म हीं वर्ज्य करावीं. पौलाच्या पत्रांत या निर्बंधांचा उल्लेख नाहीं. परंतु चारांपैकीं तीन जेवणासंबंधीं आहेत, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

यानंतर पेत्र अंत्युखियास आला. तेथें यहुदी व परराष्ट्रीय एकत्र जेवीत, आणि पेत्रही त्यांच्यांत बसे. मग याकोबाकडून कांहीं माणसें आलीं. पेत्र हळूहळू मागें सरूं लागला व अखेर निराळा बसूं लागला. त्याचें पाहून इतर यहुदी उठले. बर्णबासुद्धां, ज्यानें ही मंडळी पौलाबरोबर वाढविली तो बर्णबासुद्धां, उठला. पौलानें सर्वांदेखत पेत्राला तोंडावर जाब विचारला. हा सारा वृत्तांत पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांतील संताप थंड झालेला वाटत नाहीं.

इंग्रज टीकाकारांस हा प्रसंग समजावून सांगण्यास पानेंच्या पानें लागतात. आम्हांस तीं लागूं नयेत. पंक्तिव्यवहार हा शब्द ज्या भाषेंत आहे, आणि गांवाहून अमुक मंडळी येणार म्हणून यजमानानें आयत्या वेळीं पानें दोन ठिकाणीं मांडल्याचें ज्यांच्या घरीं आजोबांच्या तोंडून ऐकलेलें आहे, त्यांना पेत्राचा चेहरा डोळ्यांपुढें आणतां येईल. तो दुष्ट नव्हता. यापोच्या गच्चीवर त्याला दर्शन झालें होतें. कर्नेल्य नांवाच्या रोमन शताधिपतीच्या घरीं तो गेला होता. तत्त्वतः त्याचें पौलाशीं दुमत नव्हतें. त्याला फक्त घरच्यांची भीड पडली. आमच्या सुधारकांचीं चरित्रें ज्यांनीं वाचलीं आहेत ते या भिडेस एकदम दोष देणार नाहींत. पौल मात्र देतो. त्याचें म्हणणें असें कीं, तुम्ही तत्त्व कबूल करून पान निराळें मांडलें म्हणजे तत्त्वच नाकारलें. कारण मागाहून आलेल्याला त्याचा एकच अर्थ कळतो, तो हा कीं, आपण अजून आंतले नाहीं.

या भांडणाचा शेवट काय झाला हें पौल सांगत नाहीं. पेत्र वरमला असता तर पौलानें तें लिहिल्यावांचून सोडलें नसतें, असा तर्क अनेक पंडित करतात, आणि आम्हांसही तो पटतो. पौल त्या दिवशीं बहुधा हरला.

विद्यार्थिदशेंत आम्ही जीं पुस्तकें वाचलीं त्यांवरून आमची समजूत अशी झाली होती कीं, पौलाचें भांडण कर्मठपणाशीं होतें. यहुदी लोक नियम पाळून पुण्य जोडीत व मोक्ष विकत घेऊं पाहत. ही समजूत आम्ही वर्गांतही सांगितली आहे, आणि ती चुकीची होती. ई. पी. सँडर्स यांचा पौल व पॅलेस्टाइनमधील यहुदी धर्म यांवरील ग्रंथ १९७७ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून ती टिकण्यासारखी राहिलेली नाहीं. देवानें आधीं कृपेनें आपलें म्हटलें, आणि त्याचे झालों म्हणून नियम पाळावयाचे, अशी यहुद्यांची धारणा होती. सुंता, शब्बाथ, भक्ष्याभक्ष्य हीं पुण्याचीं नाणीं नव्हतीं; आपण कोणाचे याचीं तीं चिन्हें होतीं. पौलानें त्याच ठिकाणीं बोट ठेविलें. अब्राहामास देवानें आपलें म्हटलें तें त्याच्या सुंतेच्या पूर्वीं, विश्वासावरून. तर त्याचें गोत्र विश्वासावरून ओळखावें, असा त्याचा युक्तिवाद आहे. यहुदी आईच्या पोटीं जन्मलेल्या तीमथ्याची सुंता याच पौलानें स्वतः केली, असें कृत्यांत आहे. जुन्या घरच्यांनीं आपलें चिन्ह टाकावें असें त्याचें म्हणणें नव्हतें. तें दाराचें कुलूप होऊं नये इतकेंच होतें.

रोमकरांस सुमारें इ. स. ५७ मध्यें लिहिलेल्या पत्रांत तो जैतुनाच्या झाडाचा दृष्टांत देतो. लागवडीच्या झाडाच्या कांहीं फांद्या तोडल्या आणि तेथें रानटी जैतुनाची डहाळी कलम केली. आमच्या कोकणांतील माळी हें वाचून हंसेल. तो रायवळ आंब्याच्या रोपावर हापुसाची डहाळी बांधतो. हापुसाच्या खोडावर रायवळ कोण बांधील? परंतु हा उलटेपणा पौलास ठाऊक आहे. हें निसर्गाविरुद्ध आहे असें तो स्वतःच म्हणतो. त्याचा सारा रोख पुढच्या वाक्यांवर आहे. बाहेरून आलेल्या डहाळीला तो बजावतो कीं, तोडलेल्या फांद्यांपुढें मिरवूं नकोस. मूळ तुझ्या आधारानें उभें नाहीं. इस्राएलास देवानें टाकलेलें नाहीं, आणि तुटलेल्या फांद्या पुन्हां आपल्याच झाडावर सहज लागतील. रोममध्यें त्या वेळीं बाहेरच्यांची संख्या वाढून ते घरच्यांस तुच्छ लेखूं लागले असावेत. अंत्युखियांत पौल बाहेरच्यांची बाजू घेऊन घरच्यांशीं भांडला. येथें तो घरच्यांची बाजू घेतो.

त्यानंतर तो परराष्ट्रीय मंडळ्यांतून जमविलेली वर्गणी यरुशलेमांतील गरीब बंधूंसाठीं घेऊन गेला, आणि तेथें त्याला पकडलें. आरोप काय? त्यानें त्रफिम नांवाच्या इफिसकराला त्या कठड्याच्या आंत नेलें. हा आरोप खोटा होता असें कृत्यांचा कर्ता म्हणतो. पुढें इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत (तें पौलाचें कीं त्याच्या एखाद्या शिष्याचें याविषयीं वाद आहे) ख्रिस्तानें मधली भिंत पाडून दोघांचा एक नवा मनुष्य केला असें आलें आहे. पेत्राच्या नांवावर असलेल्या पत्रांत इस्राएलाच्या पदव्या परराष्ट्रीय वाचकांस सढळ हातानें दिलेल्या आहेत, आणि होशेय संदेष्ट्यानें आपल्या मुलाचें नांवच ‘माझे लोक नव्हेत’ असें ठेविलें होतें, त्या नांवाचा शाप उलटवून त्यांना देवाचे लोक म्हटलें आहे. खरा दगडी कठडा पडला तो इ. स. ७० मध्यें, रोमन सैन्याच्या हातून, मंदिरासकट.

यानंतरची हकीकत आम्हांस दुःखदायक वाटते. पंगतींत ज्यांना जागा द्यावी कीं नाहीं याचा वाद होता, तेच दोन पिढ्यांत यजमान झाले. दुसऱ्या शतकाच्या आरंभीं त्याच अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस लिहितो कीं, ख्रिस्ताचें नांव घेऊन यहुदी रीतीनें वागणें विपरीत होय. पेत्र, याकोब आणि खुद्द येशू यांपैकीं कोण या कसोटीस उतरला असता हें वाचकांनींच ठरवावें. इ. स. १६० च्या सुमारास जस्टिन यास प्रश्न येतो: ख्रिस्तावर विश्वास ठेवून कोणी यहुदी नियमही पाळील तर तो तरेल काय? जस्टिन म्हणतो, तो इतरांवर सक्ति करीत नसेल तर माझ्या मतें तरेल. परंतु अशांशीं संबंधही न ठेवणारे ख्रिस्ती आहेत. शंभर वर्षांत प्रश्न तोच राहून आंतले आणि बाहेरचे यांच्या जागा बदलल्या.

डहाळीनें झाडाचा मालक व्हावें हा प्रकार आमच्या किनाऱ्यावरही घडला. १७३६ सालीं गोव्याच्या इन्क्विझिशननें हुकूम काढून नवख्रिस्ती लोकांच्या देशी चालीरीति बंद केल्या. अंगणांत तुळस लावणें, पुरुषांनीं धोतर नेसणें हें तर निषिद्धच, पण हिंदूंप्रमाणें मीठ न घालतां भात शिजविणें हेंही निषिद्ध. पुन्हां ताटावरच येऊन ठेपलें! रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, आणि १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला, त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांस जागा होती. देवभीरूंची ती जुनी ओळ टिळकांच्या मनांत होती कीं काय कोण जाणे. परंतु ते दोन वर्षांतच वारले आणि दरबार फारसा फोफावला नाहीं.

अंत्युखियाकडे पुन्हां वळूं. इ. स. ३८६-८७ मध्यें तेथें जॉन क्रिसोस्टोम या प्रसिद्ध वक्त्यानें आठ प्रवचनें दिलीं. तीं यहुद्यांविरुद्ध म्हणून ओळखलीं जातात. त्यांतील भाषा इतकी विखारी आहे कीं पुढील शतकांत तिचा उपयोग फार वाईट कामीं झाला. परंतु तीं वाचतांना दिसतें कीं त्याचा राग आपल्याच श्रोत्यांवर आहे. हे लोक, विशेषतः बायका, यहुद्यांच्या सणांना जातात. शिंगें ऐकावयास सभास्थानांत गर्दी करतात. महत्त्वाची शपथ तेथें नेऊन घेतात. दुखणें आलें म्हणजे तिकडच्या उपायांस धांवतात. त्यांच्याबरोबर उपवासही धरतात. पेत्र पंगतींतून उठला त्यास तेव्हां तीन शतकांहून अधिक काळ लोटला होता, साम्राज्य ख्रिस्ती झालें होतें, परिषदांनीं ठराव केले होते. आणि त्या शहरांतील साधी माणसें शिंगाचा आवाज आला कीं अजून तिकडे जात होतीं.