लुकलुकणाऱ्याचा इतिहास

मोटारसायकलच्या दिव्याचा इतिहास पाण्यापासून सुरू होतो, हे सांगितलं तर आमच्या शाखेतले शिपाईसुद्धा हसतात. पण खरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाडीपुढे पितळी दिवा असे. त्यात कार्बाइडचे खडे, वर पाणी. थेंब पडला की वायू सुटायचा आणि मग काडी लावायची. (याच कार्बाइडनं पुढे आंबे पिकवले आणि दंड भरले.)

मग आला बल्ब. मॅग्नेटोवर चालणाऱ्या गाड्यांत त्याची तऱ्हा न्यारी. इंजिन रेस केलं तरच उजेड. म्हणजे खड्डा दिसावा म्हणून वेग वाढवायचा, आणि वेग वाढवला म्हणून खड्ड्यात जायचं!

एलईडी मात्र गरिबाघरी जन्मला. १९०७ साली राउंड नावाच्या इंग्रज इंजिनिअरला कार्बोरंडमच्या खड्यातून वीज सोडताना पिवळसर उजेड दिसला. त्यानं छोटंसं टिपण छापलं आणि विषय संपला. पुढे रशियात लोसेव्ह नावाच्या तंत्रज्ञानं तोच उजेड वर्षानुवर्षं अभ्यासला. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीनं गेला. वय अवघं अडतीस. इथं विनोद सुचत नाही.

१९६२ साली अमेरिकेत होलोनियाकनं लाल दिवा पेटवला. निळा मात्र तीस वर्षं हुलकावण्या देत होता, आणि निळ्याशिवाय पांढरा होईना. १९९३ च्या सुमारास जपानमध्ये नाकामुरानं झगझगीत निळा करून दाखवला. कंपनीनं बक्षीस दिलं सुमारे वीस हजार येन! आमचा दिवाळी बोनस मला त्या दिवशी एकदम भारदस्त वाटला. नाकामुरा कोर्टात गेला, २००५ साली तडजोडीत चौऱ्याऐंशी कोटींच्या आसपास येन घेऊन आला, आणि २०१४ चं नोबेल अकासाकी आणि अमानो यांच्याबरोबर वाटून घेतलं.

एवढ्या लोकांनी एवढं केल्यावर माझ्या जुन्या गाडीला एलईडी इंडिकेटर लावले, तर ते लुकलुकेनात. नुसते पेटून राहिले. वाचकहो, अंधारात उजवीकडे वळताना मागच्या ट्रकवाल्याला काय कळणार, सांगा.

मिस्त्रीनं आधी तारा उलटसुलट करून पाहिल्या, कारण एलईडी एकाच बाजूनं वीज घेतो. उलटा लावला की मेल्यासारखा पडून राहतो आणि लोक चांगला दिवा फेकून देतात. तो ठीक निघाला.

"साहेब, दोष रिलेचा," तो म्हणाला. जुन्या रिलेतली पट्टी बल्बच्या करंटनं तापते, वाकते, सर्किट तोडते. दहा-दहा वॉटचे दोन बल्ब तिला तापवायचे. एलईडी घेतो जेमतेम एखादा वॉट. पट्टी तापणार कशी? काही गाड्यांत उलटं होतं. रिलेला वाटतं बल्ब उडाला, आणि तो घाबरून दुप्पट वेगानं लुकलुकतो. त्यावर तोड म्हणून रेझिस्टर जोडतात. तो काही उजेड देत नाही, फक्त वीज खाऊन रिलेचं समाधान करतो. साहेब फिरतीवर आले की काम नसताना लेजर उघडून बसणारे आमच्याकडे आहेत, त्यातलाच प्रकार.

मी इलेक्ट्रॉनिक रिले घ्यायला लावला. तर डावीकडचं बटण दाबलं की चारही दिवे लुकलुकायला लागले! डाव्या-उजव्या दोघांना मिळून मीटरमध्ये खुणेचा बल्ब एकच. त्याच्यातून झिरपलेला करंट पलीकडच्या बाजूला पोचायचा. जुने बल्ब एवढ्याशा करंटला दाद देत नसत. एलईडी लगेच पेटतो.

मिस्त्रीनं खुणेच्या बल्बाला दोन डायोड जोडले, त्याची एक तार बॉडीला दिली आणि म्हणाला, "आता डावा डावाच, साहेब. मेन रोडला एक चक्कर मारून या, मी मागनं बघतो."