महाकालाच्या नर्तकी आणि ‘बयादेर’

कार्तिक शुद्ध एकादशीस आमच्या उज्जयिनीत कालिदास समारोहाचा आरंभ होतो. पंडित सूर्यनारायण व्यास यांच्या अविश्रांत खटपटीने 1958 साली हा समारोह सुरू झाला आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्याचे उद्घाटन केले. लहानपणी मी वडिलांचे बोट धरून तेथे जात असे. वकिली सुरू केल्यापासून दिवसा कोर्ट आणि रात्री नृत्यनाटिका असा त्या आठवड्याचा माझा नेम आहे. मला स्वतःला एक पाऊलही टाकता येत नाही. येते ते केवळ पाहणे, आणि पाहून झाल्यावर मत देणे. ही दुसरी खोड धंद्यामुळे अधिकच बळावली असावी.

गेल्या समारोहात एका नृत्यनाटिकेनंतर घरी परतताना एका तरुण स्नेह्याने विचारले, “बॅले ही परकी कला. तिचा आपल्या देवळांशी काय संबंध?” त्या वेळी मी चहाचे निमित्त करून उत्तर टाळले. परंतु संबंध आहे, आणि तो एका शब्दात सांगता येण्याजोगा आहे.

पोर्तुगीज लोक गोव्यात आले तेव्हा देवळांतून नृत्यसेवा करणाऱ्या स्त्रिया त्यांच्या दृष्टीस पडल्या. त्यांना आपण कलावंतिणी म्हणत असू. पोर्तुगीजांनी त्यांना आपल्या भाषेत ‘बायलादेइरा’, म्हणजे नुसती ‘नाचणारी’, असे म्हटले. हाच शब्द फ्रेंचांच्या तोंडी जाऊन ‘बयादेर’ झाला आणि पुढे युरोपच्या रंगभूमीवर चांगलाच रुळला. 1838 साली पाँडिचेरीकडील काही देवदासी पॅरिसला नेण्यात आल्या. त्यांतील अमनी नावाच्या नर्तकीचे तेओफिल गोतिए या फ्रेंच साहित्यिकाने मोठे कौतुक केले. याच गोतिएने 1858 साली पॅरिसच्या ऑपेरासाठी शाकुंतलावरून बॅलेची संहिता लिहिली. म्हणजे आमचा कालिदास आणि आमची देवदासी ही दोघेही पॅरिसच्या रंगमंचाशी एकाच माणसाच्या लेखणीने जोडली गेली. त्यानंतर 1877 साली सेंट पीटर्सबर्ग येथे मारियुस पेतिपाने ‘ला बयादेर’ हा प्रसिद्ध बॅले उभा केला. त्याची नायिका निकिया ही देवळातील नर्तकी. नायक सोलोर हा योद्धा. राजकन्या गमझत्ती ही प्रतिस्पर्धिनी. आणि निकियाची अभिलाषा धरणारा प्रमुख ब्राह्मण हा तेथील मंदिराचा अधिकारी.

नुरेयेव्हने 1992 साली पॅरिस ऑपेरासाठी केलेला त्याचा प्रयोग मी चित्रफितीवर कितीदा पाहिला, याचा हिशेब ठेवलेला नाही. त्यातील ‘छायांचे राज्य’ हा प्रवेश पाहताना टीका करण्याची इच्छाच राहत नाही. शुभ्र वेषातील नर्तकी उतारावरून एकामागून एक, एकच पाऊल, एकच झोक, असे पुनःपुन्हा करीत खाली येतात. नवे काहीच घडत नाही आणि तरीही श्वास रोखून बसावे लागते. इझाबेल गेरँ यांची निकिया जिवंतपणी जितकी मानी, तितकीच छायारूपात अलिप्त वाटते. परंतु एक गोष्ट मला सलते. फुलांच्या परडीतील सर्प डसून निकिया मरते, आणि मेल्यानंतरच ती या बॅलेला पूर्णपणे सुंदर दिसते. ब्राह्मणाच्या पात्राचा आपल्या पुष्कळ वाचकांना संताप येईल. मला तितका आला नाही. देवळाच्या आवारात सत्ता असणाऱ्या पुरुषाने नर्तकीकडे वाईट दृष्टीने पाहावे, ही गोष्ट रशियात बसलेल्या माणसाने केवळ कल्पनेतून काढली, असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

कालिदासाची दृष्टी मात्र वेगळी होती. मेघदूतात यक्ष मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनीला जायला सांगतो आणि महाकालाच्या देवळापाशी सायंकाळपर्यंत थांबायला लावतो. संध्यापूजेच्या वेळी त्याच्या गर्जनेने नगाऱ्याचे काम करावे, हा हेतू. त्या वेळी देवापुढे नाचणाऱ्या स्त्रिया कवीला दिसतात. पावलांच्या ठेक्यावर त्यांच्या मेखला वाजत आहेत, हे कोणीही लिहिले असते. पण रत्नजडित दांड्यांच्या चवऱ्या ढाळून ढाळून त्यांचे हात थकले आहेत, हे कालिदासाने पाहिले. श्लोकात शृंगार आहेच, तो झाकण्याचे कारण नाही. परंतु त्या शृंगारातही या स्त्रियांची सेवा हे अंगमेहनतीचे काम होते, याचा त्याला विसर पडला नाही.

पुढे 1234-35 च्या सुमारास इल्तुत्मिशच्या स्वारीत ते मंदिर उद्ध्वस्त झाले. आज उभे आहे ते अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर शेणवी यांनी बांधविलेले. कोकणच्या मातीतल्या या पुरुषाचा आपणां सर्वांस सार्थ अभिमान आहे. बांधणाराचे नाव राहिले. चवरी ढाळणाऱ्या एकीचेही राहिले नाही.

नृत्यावर मत देणाऱ्यांचाही कालिदासाने समाचार घेतला आहे. मालविकाग्निमित्रात गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य श्रेष्ठत्वासाठी भांडतात आणि निवाडा परिव्राजिका कौशिकीकडे येतो. ती म्हणते, वादविवाद नको, शिष्येचे नृत्य दाखवा. आणि पात्रांचा वेष बेताचाच असू द्या, म्हणजे अंगांचे सौष्ठव दिसेल. अलीकडे रंगमंचावर धुराचे लोट सोडून आणि क्षणाक्षणाला रंग बदलणारे दिवे फिरवून नर्तकीची पावलेच झाकून टाकणाऱ्या मंडळींना हे वाक्य कोणीतरी ऐकवले पाहिजे. मालविकेचे नृत्य संपते. राजा तिच्या उभे राहण्याच्या ढबीवरच लुब्ध झालेला असतो, तेव्हा त्याचे मत बाद. विदूषक तिला थांबवून धरण्यासाठी दोष शोधतो: पहिल्या प्रयोगाच्या वेळी ब्राह्मणाची पूजा केली नाही! कौशिकी मात्र पाऊल लयीला धरून होते का, हस्ताभिनय अर्थाला धरून होता का, हे एकेक पाहून सारे निर्दोष ठरवते.

वकील या नात्याने मला या निवाड्यावर दोन हरकती घ्यावयाच्या आहेत. कौशिकी ही मालविकेची जुनी संबंधित; ती राजकन्या आहे हे तिला ठाऊक असते आणि ती ते दडवून ठेवते. असा न्यायाधीश आज मंचावर बसला तर पहिल्या तारखेसच अर्ज पडेल. दुसरी हरकत अशी की हरदत्ताची पाळी येते आणि वैतालिक मध्यान्ह झाल्याची घोषणा करतो. काम दुसऱ्या दिवसावर जाते. गणदास वरचढ ठरला, हे आपल्याला तिसऱ्या अंकात दासींच्या बोलण्यातून कळते. हरदत्ताच्या शिष्येचे नृत्य प्रेक्षकाला दिसतच नाही.

हेच नाटक 1939 साली मेनकाबाईंनी बॅलेच्या रूपाने रंगमंचावर आणले. लीला सोखी हे त्यांचे व्यवहारातले नाव. सुशिक्षित बंगाली घरातील ही स्त्री, मुंबईच्या हाफकिन संस्थेतील डॉक्टर साहिबसिंग सोखी यांची पत्नी. तवायफांची म्हणून भल्या घरांनी वर्ज्य केलेले कथक त्या उस्तादांकडून शिकल्या, 1936 साली बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत पथकासह गाजल्या आणि खंडाळ्यास त्यांनी नृत्यालय काढले. त्या 1947 साली गेल्या. युरोपच्या दौऱ्यात त्यांच्याबरोबर असलेली एक लहान मराठी मुलगी म्हणजे पुढे कथकमध्ये स्वतंत्र कीर्ती मिळविणाऱ्या दमयंती जोशी. या दोघींनाही रंगमंचावर पाहण्याचे भाग्य मला लाभले नाही. त्यांचे धैर्य मोठे, यात शंका नाही. पण भल्या घरची मुलगी नाचली की ते धैर्य, आणि जिने पिढ्यान्‌पिढ्या ती विद्या जपली तिने नाचले की तो कलंक, हा न्याय कोणत्या परिव्राजिकेचा?

1934 च्या मुंबई कायद्याने देवदासी वाहण्यास बंदी केली. स्त्रीची संमती असली तरी ते कृत्य बेकायदा ठरविले, आणि अशा स्त्रीचा विवाह वैध मानला. हा कायदा योग्यच होता, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. पण कायद्यात स्त्रीच्या सुटकेचे कलम असते, तिच्या विद्येचे नसते. गोमंतकातील कलावंत घराण्यांचे गाणे तिथल्याच लेकींबरोबर बाहेर पडले. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांच्यापुढे साऱ्या देशाने मान लवविली. नृत्याचे तसे झाले नाही. माझ्या मते याचे कारण कलेत नव्हते. गाणारीचा आवाज ध्वनिमुद्रिकेवरून घरात आला तरी चालत होता. नाचणारीला स्वतःलाच यावे लागते.

माझे आजोळ गोव्याचे. तिथल्या कुलदेवतेच्या देवळातील एक जुनी हिशेबवही दोन वर्षांपूर्वी मला चाळावयास मिळाली. समयांचे तेल किती, वाती किती, सारे नोंदलेले आहे. भटजींचे नाव आहे. वाजंत्र्यांची नावे आहेत. पालखीच्या दिवशी देवापुढे सेवा करणाऱ्या बाईला दिलेल्या नारळाची आणि लुगड्याचीही नोंद आहे, आणि नावाच्या जागी ‘नाचणारी’ एवढेच लिहिले आहे. पोर्तुगीजांनी दिले होते, तेच. त्याखालच्या ओळीत पालखीच्या गोंड्यांचा खर्च आहे.