पावलं गरम झाली का?



उन्हाळा तापला की आपल्या बारामती-इंदापूरच्या जिरायती भागात विंचू बाहेर पडतात. गोवऱ्यांच्या राशीत, सरपणात, दगडी बांधात, नाहीतर ऊसतोड मजुरांच्या कोपीत अंथरुणाखाली. विंचू चावलेला माणूस ठाऊक नाही असं घर आपल्याकडे सापडायचं नाही. म्हणून आजच्या बोलण्यात आम्ही विंचवाच्या औषधाचा इतिहास घेतलाय. तो सुरू होतो आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या आक्कांपासून.

१९७२ चा दुष्काळ. इंदापूर तालुक्यात आक्का दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. चार वर्षांचा मुलगा शेजारीच दगडांशी खेळायचा. एका संध्याकाळी त्याला विंचू चावला. गावात विंचू उतरवणारा होता, त्याच्याकडे नेलं. पोर घामानं न्हालं, दोनदा ओकलं, मग रडायचं थांबलं. हातपाय गार लागत होते. आक्कांना वाटलं, उतार पडला, झोप लागली. त्यांनी अंगावर वाकळ घातली. पहाटे पोराला धाप लागली, तोंडाला फेस आला. बैलगाडी दवाखान्यापर्यंत पोहोचलीच नाही.

आक्का आता ऐंशीच्या घरात आहेत. अजून म्हणतात, "मीच वाकळ घातली आणि त्याला झोपू दिलं."

त्या वेळी दवाखान्यात तरी काय होतं? विंचू चावल्यावर काही रुग्णांच्या फुफ्फुसात पाणी साचतं, हे डॉ. मुंडले यांनी १९६१ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं. पण त्यावर हमखास उपाय कोणाकडेच नव्हता. सलाइन लावत, ॲलर्जीची औषधं देत, स्टेरॉईड देत. पश्चिम भारतातल्या त्या काळच्या नोंदी सांगतात, की विष अंगात भिनलेल्या शंभर रुग्णांपैकी पंचवीस ते तीस दगावत.

१९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले, डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरिबीतून नागपूरला जाऊन डॉक्टर झालेले. कोकणात लाल विंचू फार. चांगली धडधाकट माणसं, लहान पोरं डोळ्यांदेखत जात होती. बावस्करांनी काय केलं? ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसले. नाडी किती, रक्तदाब किती, उलटी केव्हा झाली, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, श्वास कधी चढला, हे सगळं लिहीत गेले. मोठी यंत्रं तिथं नव्हतीच. होती ती घड्याळ, रक्तदाबाचा पट्टा, स्टेथोस्कोप आणि वही.

त्या वहीतून एक क्रम दिसू लागला. सुरुवातीला उलट्या, भरपूर घाम, गार हातपाय आणि वाढलेला रक्तदाब. मग हृदय थकायचं आणि फुफ्फुसात पाणी भरायचं. म्हणजे घाम, उलटी आणि गार पावलं ही पुढच्या संकटाची आगाऊ वर्दी होती. ही लक्षणं त्यांनी १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडली. खेड्यातल्या आरोग्य केंद्रातल्या टिपणांना जगातल्या डॉक्टरांनी वाचावं अशी ती गोष्ट होती.

रोग ओळखला, पण औषध? विंचवाच्या विषामुळे शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर फार ताण येतो. मग त्या सैल करणारं औषध द्यावं, असा विचार त्यांनी केला. आधी शिरेतून थेंब थेंब देण्याचं एक औषध वापरलं. पण त्याला डॉक्टर सतत उशाशी हवा, कारण रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो. खेड्यात हे रोज जमणार कसं? तेव्हा त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी निवडली. १९८६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हे उपचार 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध केले. जिथं ही गोळी वेळेवर मिळाली, तिथं मृत्यू शंभरात एकाच्याही खाली आले. पुढे विंचवाची लसही आली. २०११ मध्ये महाडच्या ७० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. नुसत्या गोळीपेक्षा गोळी आणि लस दोन्ही दिलेले रुग्ण लवकर बरे झाले होते. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

या उपचारातली एक गोष्ट आम्हांला फार भावली. गोळी दर तीन तासांनी द्यायची, पण कुठवर? हातपाय कोरडे आणि गरम होईपर्यंत. रुग्ण सुधारतोय का, हे पावलांना हात लावून कळतं. खाटेशी बसलेल्या आईला, सिस्टरला, कुणालाही कळतं. आणखी एक. गोळी घेतल्यावर रक्तदाब उतरतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं. रडतं म्हणून लेकराला उचलून उभं धरायचं नाही. हे डॉक्टरांनी आईला सांगायला हवं आणि आईनं पाळायला हवं. दवाखान्यातली काळजी अशी दोघांनी मिळून घ्यायची असते.

हे सगळं आम्ही गटात आक्कांना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "म्हणजे तेव्हा डॉक्टरलाबी ठाऊक नव्हतं?"

"नाही आक्का. गार पावलांचा अर्थ जगाला कळायला अजून दहा वर्षं होती."

त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या बैठकीत नव्या सुनांना त्यांनीच सांगितलं, "पोराचं पाय गार लागलं तर वाकळ घालून बसू नका. गाडी काढा."

आज आपल्याकडे इंदापूरला आणि बारामतीला उपजिल्हा रुग्णालय आहे. बारामतीत २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. १०८ नंबरची गाडी आहे. तरी पहिली साक्षीदार घरातली बाईच असते. म्हणून एवढं ध्यानात ठेवा. प्रत्येक विंचू जिवावर उठत नाही. पण वेदना कमी आहेत म्हणून धोका नाही, असंही नाही. लहान मुलाला चावला असेल, किंवा घाम, उलटी, गार हातपाय यांपैकी काहीही दिसलं, तर उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नका. घरच्या घरी गोळी देऊ नका, ते काम डॉक्टरांचं.

कधी कधी विंचू कुणी पाहिलेलाच नसतो. लेकरू रात्री किंचाळून उठतं आणि ओकू लागतं. तर कधी जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात, आणि तो मण्यारीचा दंश निघतो. अशा वेळी डॉक्टर तुमच्या सांगण्यावरूनच रोग ओळखतात. म्हणून निघतानाच वेळ बघा. कधी ओरडलं, कधी ओकलं, घाम कधी सुटला, कुठं झोपलं होतं, हे सगळं सांगा. लिहिता येत असेल तर कागदावर लिहून न्या. बिरवाडीत त्या वहीनं जे काम केलं, ते तुमचा कागद करील.

आणि दवाखान्यात खाटेशी बसाल, तेव्हा अधूनमधून लेकराच्या पावलांना हात लावून बघा. गरम झाली की सिस्टरला सांगा. गार पडली तर आधी सांगा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.