'स्त्री'ची अक्षरं किती?

दिवाळीची सुट्टी होती. वसमतमधल्या एका कॉम्प्युटर लॅबची किल्ली ओळखीने मिळाली होती. माझं गाव तिथून फार लांब नाही. नोकरी पुण्यात, काम प्रोग्रॅमिंगचं. बायका-मुलींना कोडिंगची तोंडओळख करून द्यायची, दोन दिवस, फुकट, एवढंच ठरलं होतं. शिकवायला आम्ही चौघी. शिकायला बारा जणी येतील असं धरलं होतं, आल्या एकोणीस. त्यात बी.एस्सी.च्या मुली होत्या, एक अंगणवाडी सेविका होत्या, आणि मराठी तीस, इंग्रजी चाळीस अशी टायपिंगची दोन्ही सर्टिफिकेटं पिशवीत घेऊन आलेल्या एक काकूही होत्या. सर्टिफिकेटं कशाला आणली विचारलं, तर म्हणाल्या, "लागली तर असावी."

ही कल्पना आमची नाही. २०१० साली हेलसिंकीत लिंडा लिउकास आणि कारी सारिनेन यांनी 'रेल्स गर्ल्स' सुरू केलं. २०१४च्या जुलैमध्ये बर्लिनला पायथॉनवाल्यांचं युरोपीय संमेलन भरलं होतं, तिथे ओला सितार्स्का आणि ओला सेंडेका या दोन पोलिश मुलींनी 'जँगो गर्ल्स'ची पहिली कार्यशाळा घेतली. पद्धत साधी. एका प्रशिक्षकामागे तीनेक जणी, फी नाही, शिकवणीचा मजकूर इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला. आणि शिकवणाऱ्यांसाठी एक नियम: समोरचीच्या की-बोर्डला हात लावायचा नाही.

मी तो नियम पहिल्या तासाभरात मोडला.

काकूंच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर आली होती. एक कंस मिटायचा राहिला होता. मला दिसला, त्यांना दिसत नव्हता, आणि मागे दोघी हात वर करून बसलेल्या. मी वाकले, टक्कन कंस टाकला, एंटर मारलं. "बघा, झालं." काकूंनी हात मांडीवर घेतले आणि खुर्ची थोडी मागे सरकवली. मग अर्धा तास त्या शेजारच्या मुलीच्या स्क्रीनकडे बघत बसल्या. एरर आली की आपला हात बाजूला करायचा असतो, एवढंच मी त्यांना शिकवलं होतं.

आता थोडं मागे जाऊ, कारण या हात बाजूला करण्याला मोठा इतिहास आहे.

'कॉम्प्युटर' हा शब्द आधी माणसासाठी होता. एव्हरेस्टच्या उंचीचं गणित केलेले राधानाथ सिकदार सर्व्हे खात्यात 'कॉम्प्युटर' याच हुद्द्यावर होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला तोफगोळ्यांच्या मार्गाची गणितं हवी होती. ती हाताने करायला पदवीधर मुली नेमल्या, त्यांच्याही हुद्द्याचं नाव कॉम्प्युटर. १९४५ साली त्यांच्यातल्या सहा जणींना एनियाक या नव्या यंत्रासाठी निवडलं गेलं: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिख्टरमन. यंत्र सुमारे अठरा हजार व्हॉल्व्हचं, वजन तीसेक टन. त्याचं पुस्तक नव्हतं, शिकवणारं कोणी नव्हतं. यंत्र गुप्त, त्यामुळे सुरुवातीला त्यांना आत सोडलंही नाही. हातात जोडणीचे नकाशे दिले आणि सांगितलं, यावरून शिका. त्या शिकल्या.

फेब्रुवारी १९४६मध्ये एनियाक जगासमोर आलं. तोफगोळा जमिनीवर पडायच्या आत त्याच्या मार्गाचं गणित संपलं आणि पाहुणे थक्क झाले. तो प्रोग्रॅम जेनिंग्ज आणि स्नायडर यांनी बसवला होता. रात्री मेजवानी झाली, तिचं आमंत्रण सहा जणींपैकी एकीलाही नव्हतं. पुढे १९८०च्या दशकात कॅथी क्लाइमन या विद्यार्थिनीने यंत्राशेजारी उभ्या बायकांचे जुने फोटो बघून 'या कोण?' असं विचारलं. उत्तर मिळालं की त्या मॉडेल असाव्यात, फ्रिजच्या जाहिरातीत उभ्या करतात तशा. क्लाइमनना ते पटलं नाही. त्या शोधत राहिल्या, म्हणून आज आपल्याला ही नावं माहीत आहेत.

मला यातली मेजवानी तितकी लागत नाही. 'मॉडेल असाव्यात' हे जास्त लागतं. काम करणारा हात फोटोत दिसतोय आणि तरी बघणाऱ्याला तो शोभेचा वाटतो.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या रस्त्याने गेली. १ मे १९९९ला परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली, पाठोपाठ एमएस-सीआयटी आलं आणि तालुक्या-तालुक्याला कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हटल्यावर घरच्यांनी मुलींनाही पाठवलं. हे छोटं काम नव्हतं, माझ्या मोठ्या बहिणीने माउसला पहिला हात तिथेच लावला. पण तिथे शिकायचं ते दुसऱ्याने बनवलेलं वापरायला: वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. त्याआधी टायपिंग इन्स्टिट्यूट, तिथे दुसऱ्याने लिहिलेलं उतरवायला. आपण सांगायचं आणि मशीनने ऐकायचं, ही पायरी कोणत्याच फीमध्ये धरलेली नव्हती.

दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरवर चारच मशीन चालत होत्या. बाकीच्या अंगणात डबे सोडून बसल्या. मी काकूंपाशी गेले आणि म्हणाले, "सकाळी माझं चुकलं. मी हात लावायला नको होता." त्या म्हणाल्या, "न्हाई हो मॅडम, तुम्ही तरी किती जणींचं बघताल." तेवढ्यावर मी सुटले असं मला वाटत नाही.

लाइट आल्यावर मी ठरलेला धडा बाजूला ठेवला. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून कोडमध्ये देवनागरी नावं चालतात. 'वजन', 'भाव', 'हमाली', 'तोलाई' अशी सरळ नावं देता येतात. हळदीचे कट्टे मोंढ्यावर नेल्यावर हातात येणारी पट्टी सगळ्यांच्या घरात असते, तीच करायला घेतली. अंगणवाडीताईंनी विचारलं, "आकडे मराठीत टाकले तं?" कोडमध्ये थेट ५ लिहिलं की एरर येते. पण प्रोग्रॅमने विचारल्यावर ५ टाइप केलं आणि त्याचा 'इंट' केला, तर पायथॉनला ते बरोबर पाच म्हणून कळतं. हे मलाही तोवर करून पाहावंसं वाटलं नव्हतं. तुमच्या फोनवर पायथॉनचं ॲप असेल तर बघा करून.

मग 'लेन' आलं. शब्दाची लांबी सांगणारी आज्ञा. कोणीतरी 'वसमत' टाकलं, उत्तर ४. सगळ्या खूश. 'हिंगोली' टाकलं, उत्तर ७.

"अगं माय! सात कुठून?"

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी एक-एक शब्द टाकून बघायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने मला हाक मारली. स्क्रीनवर 'स्त्री' होतं आणि खाली ६.

"बोलताना एकच अक्षर," त्या म्हणाल्या, "आन् कृतीदेवमध्ये आम्ही तीन बटणं दाबतो. अर्धा स, त्र, दुसरी वेलांटी. हे सहा कोण मोजलं?"

इतका नेमका प्रश्न मला ऑफिसातही क्वचित कोणी विचारला असेल. कृतीदेवसारख्या जुन्या फाँटात मशीन मराठी साठवतच नाही. 'स्त्री'साठी ते इंग्रजी एल, बरोबरचं चिन्ह आणि एच असं साठवतं, फाँट फक्त वरून मराठी मुखवटा चढवतो. म्हणून फाँट नसलेल्या फोनवर जुनी फाइल उघडली की कचरा दिसतो. भारतीय लिप्यांसाठी खरी संकेतावली 'इस्की' या नावाने १९८८मध्ये आली आणि १९९१मध्ये राष्ट्रीय मानक झाली. त्या कामातलं मोठं नाव मोहन तांबे यांचं. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. तिच्यात हलन्त हे स्वतंत्र चिन्ह आहे आणि वेलांटीही. स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. मोजा, सहा.

मी हे सगळं कागदावर काढून दाखवलं, की-बोर्डपासून लांब बसून.

"म्हणजे मशीनला अक्षर कळत न्हाई. तुकडे कळतात," काकू म्हणाल्या. "मग आपण सांगायचं की त्याला, वेलांटी मोजू नको म्हणून."

दुसऱ्या दिवशी औंढ्याकडून आलेल्या एका मुलीने लायगोचा विषय काढला. दुधाळ्याला होणाऱ्या वेधशाळेला २०२३मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, तिथे आम्हाला काय काम मिळेल, वॉचमनशिवाय? मी तिला अमेरिकेतल्या लायगोची खुली माहिती दाखवली, गुरुत्वीय लहरींची. ती तपासायचे धडे पायथॉनमध्येच आहेत. नोकरीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि तिने ते ओळखलं.

काकू दोन्ही दिवस त्या सहाच्या मागे होत्या. साडेपाचच्या एसटीची वेळ झाली तरी प्रोग्रॅम पुरा झाला नव्हता. लॅपटॉप त्यांचा नव्हता. त्यांनी सगळा कोड वहीत उतरवून घेतला, स्वच्छ टायपिस्टच्या शिस्तीने, प्रत्येक ओळीआधीची मोकळी जागासुद्धा मोजून.

तीन आठवड्यांनी फोनवर फोटो आला. मुलाच्या मोबाइलवर लिहिलेला प्रोग्रॅम, काळ्या स्क्रीनवर. खाली मेसेज:

"मॅडम हिंगोली तीन आलं. स्त्री पण तीनच येतंय. एक कसं करायचं ते सांगू नका, मी बघते."