मांजराची वाटी आणि शंभर वर्षांपूर्वीची युक्ती

मांजर सतत मान आणि तोंड खाजवायला लागलं की पहिला संशय पिसवांवर जातो. पिसवा नसतील, तर शोध जेवणाच्या वाटीपर्यंत येतो. त्या शोधाची पद्धत मात्र आली माणसांच्या आजारांतून.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. १९२१ साली ब्रेस्लाऊमधले डॉक्टर कार्ल प्राउस्निट्झ यांनी एक धाडस केलं. त्यांचे सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांना मासे खाल्ले की अंगावर पित्त उठे. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी तिथे माशाचा अर्क टोचला आणि ती जागा सुजली. म्हणजे गडबड खाणाऱ्याच्या रक्तात होती. त्यामागचं आयजीई हे प्रतिपिंड इशिझाका दांपत्याने १९६६ साली शोधलं.

१९२०च्या दशकातच कॅलिफोर्नियात अल्बर्ट रो यांनी रुग्णांना मोजक्या पदार्थांवर ठेवून, त्रास थांबल्यावर एकेक पदार्थ परत द्यायची पद्धत रुळवली. मांजरांचे डॉक्टर आजही तेच करतात. मांजराने पूर्वी न खाल्लेलं एकच प्रथिन सुमारे आठ आठवडे द्यायचं, मग जुनं अन्न परत द्यायचं. खाज परतली, तरच निदान पक्कं. रक्तचाचण्या विकल्या जातात, पण त्यांच्यावर इतका भरवसा ठेवता येत नाही.

अमेरिकेत या प्रयोगासाठी मेंढीचं मांस वापरत, कारण मांजरांना ते अनोळखी होतं. मग कंपन्यांनी मेंढीच्या मांसाचीच पाकिटं बाजारात आणली. मांजरं ती सर्रास खाऊ लागली आणि अनोळखीपणा संपला. पुढे प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं ‘हायड्रोलाइज्ड’ खाद्य आलं.

२०१६ साली ७८ मांजरांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा गोमांस, मासे आणि कोंबडी ही नावं सर्वात वर आली. सगळे रोजच्या वाटीतलेच पदार्थ. दुधाने होणारे जुलाब वेगळे. तिथे लॅक्टोज पचत नाही, ॲलर्जीचा संबंध नसतो.

आम्ही प्रोग्रामर बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दर आठवड्याला नवं पाकीट आणलं, तर पैसे जातात, मांजर खाजवत राहतं आणि हाती काही लागत नाही. शिस्त सगळ्या घराने पाळावी लागते. सातव्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी मायेने टाकलेलं बोंबलाचं एक डोकं सगळा हिशोब बिघडवायला पुरतं.