बिब्बा कुणी नेला?

काष्ठौषधीच्या दुकानात दोन तऱ्हेचं गिऱ्हाईक येतं. एकाला औषध हवं असतं, दुसऱ्याला उतारा. माल बराचसा एकच. राळ मलमात जाते आणि धुपाटण्यातही. वेखंड बाळाला उगाळून चाटवतात, तेच दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधतात. बिब्ब्याचं तर विचारूच नका. टाचेच्या भेगेला चटका द्यायला बिब्बा, कपड्यावर न जाणारी खूण करायला धोब्याला बिब्बा नि चुना, बाळंतिणीच्या लाडवात त्याच्याच पोटातली गोडंबी, आणि दुकानाच्या दारावर लिंबू-मिरचीच्या जोडीला ओवलेला तोही बिब्बाच.

नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यातलं आमचं हे दुकान माझ्या आजेसासूनं नावारूपाला आणलं. तिला सगळे मोठी माय म्हणायचे. तेव्हा देवळा तालुका नव्हता; 1999 पर्यंत आमचा कारभार कळवणचा. सुरगाण्याकडून, डांगच्या हद्दीवरून कोकणा नि भिल्ल मंडळी हिरडा, बेहडा, मुरडशेंग, बिब्बे आणून घालायची आणि मीठ-मिरची घेऊन परतायची. ऐन तारुण्यात विधवा झालेली बाई गल्ल्यावर बसते, मागच्या बरण्यांत वाळकी मुळं, पुढ्यात पिवळी मोहरी नि काळ्या बाहुल्या. लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलंच. समोर "माय", पाठीमागं "डाकीन". तिला ते ठाऊक होतं. उधारी वसुलीला बरं पडतं, असं ती म्हणायची.

डाकिणीची भीती इथली जुनी, आणि ती काही फक्त डोंगरातल्या माणसांची नव्हे. पेशवाईत कोकणात भुताळी हुडकून त्यांना शासन करणं हे सरकारी काम होतं. पेशव्यांच्या रोजनिशीच्या प्रस्तावनेत न्यायमूर्ती रानड्यांनी त्याची दखल घेतली आहे. पुढं इंग्रज आले आणि त्यांनी भुतांची टिपणं सुरू केली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या, तो या कामातला मोठा हौशी. लोकांच्या समजुतींबद्दलची प्रश्नावली गावोगावच्या शाळामास्तरांकडे जाई आणि मास्तर उत्तरं लिहून धाडत. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं ती सामग्री संपादून छापली: 1914 ला गुजरातचा भाग, 1915 ला कोकणचा. मुंजा, खवीस, हडळ, समंध, सगळे त्यात ओळीनं हजर. पण मास्तरांना भुतांची नावं माहीत. भुताचं सामान कुठून येतं, किती येतं, कोण नेतं, हे दुकानदारालाच माहीत; आणि त्याला कुणी विचारलेलं दिसत नाही.

मोठ्या मायला मात्र एकदा विचारलं गेलं. 1972 च्या दुष्काळानंतरची गोष्ट, तिनंच मला सांगितलेली. जवळच्या एका गावातलं घर. नव्या सुनेच्या अंगावर रात्रीत काळ्या फुल्या उठायच्या, मग फोड, मग खाज. भानामती! भगतानं सुपात दाणे टाकून पाहिले आणि शेजारच्या एकट्या म्हातारीकडे बोट दाखवलं. उताऱ्याची यादी घेऊन सासरा दुकानात आला. माय म्हणाली, "सामान देते, आधी पोर दाखव."

बैलगाडीतून पोरीला आणलं. मायनं तिच्या फुल्या पाहिल्या. डाव्या हातावर भरपूर, उजव्यावर एक नाही. पोटरीवर होत्या, पाठ कोरी. उजव्या हाताच्या नखाच्या कडेला काळं. बिब्ब्याचं तेल लागल्या लागल्या फारसं जाणवत नाही, एक-दोन दिवसांनी अंगावर फुलतं. म्हणून ते आपोआप उठल्यासारखं दिसतं. शिवाय टाचेच्या भेगांसाठी म्हणून बिब्बे कुणी नेले होते, हे मायला पक्कं आठवत होतं. सासऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, "हाई भूत नई, हाऊ बिब्बा शे." कुणाच्या हातचा, ते सांगितलं नाही. खोबरेल लावायला दिलं आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरीला माहेरी धाडलं होतं का, असं विचारलं. धाडलं नव्हतं. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी जाऊन झोक्यावर बसली नाही तर काय होतं, हे बायकांना सांगावं लागत नाही. पोर महिनाभर माहेरी राहून आली. फुल्या पुन्हा उठल्या नाहीत. शेजारची म्हातारी वाचली.

पण नाव काय झालं? डाकिणीनं डाकिणीला सोडवलं. मायचा दरारा दुप्पट. खरं सांगायचं तर उताऱ्याचं सामानही तिनं त्या दिवशी विकलंच. गिऱ्हाईक परत पाठवणं तिच्या रक्तात नव्हतं. मला हे पटत नाही, पण दुकान आजही त्याच पैशांवर उभं आहे.

पुढं अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते भानामतीच्या घरांत जाऊन हेच करू लागले: घरातलं कोण दुखावलंय ते शोधायचं, आणि त्याची अब्रू न घेता थांबवायचं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. वर्षानुवर्षं अडलेला जादूटोणाविरोधी कायदा मग चार दिवसांत वटहुकूम म्हणून निघाला आणि डिसेंबरात मंजूर झाला. करणी करते, भूत लावते असं म्हणून एखाद्या बाईला छळणाऱ्याला आता सहा महिने ते सात वर्षं कैद होऊ शकते, शिवाय पाच ते पन्नास हजार दंड.

लिंबू-मिरची-बिब्ब्याच्या माळा आम्ही अजून विकतो. ट्रकवाले आणि कांद्याचे व्यापारी नेतात. सुट्टे बिब्बे मागायला कुणी आलं तर मात्र मी कशाला ते विचारते, आणि तरणी पोर असेल तर माहेर कुठलं तेही. हिवाळ्यात गोडंबीचा भाव चढतो तेव्हा फोडणाऱ्या बायकांची बोटं बघावीत: तेच काळे डाग, तेच फोड. त्यांच्यासाठी भगताला कुणी बोलावत नाही. खोबरेल तेवढं मी त्यांना फुकट देते.